लोटन मास्तरच्या तारेतली पत्रं

रतिलाल चौधरीला पत्रांचा कंटाळा आला होता, आणि ही गोष्ट कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. ज्या माणसाने उभा जन्म गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची हातची पत्रं जमवण्यात घालवला, साडूच्या घरचं लग्न बुडवून इंदूरला एका सारंगीवाल्याच्या नातवाच्या दारात चार ओळींच्या चिठ्ठीसाठी बसून राहिला, त्याने सत्तरी ओलांडल्यावर 'बस झालं' म्हटलं तर लोक हसणारच. कमलबाई, म्हणजे त्याची बायको, हसलीही नसती. "हे आधी सुचलं असतं तर घरातलं एक कपाट माझ्या वाट्याला आलं असतं," एवढंच म्हणाली असती. आणि तिचं काही चुकलं नसतं.

ते कपाट जळगावच्या त्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त होताना रतिलालने खात्याचंच जुनं लोखंडी कपाट लिलावात घेतलं, आणि त्यात पत्रं लावली. कुणी उस्तादाने आजारी शागिर्दाला लिहिलेलं, कुणी बुवांनी मानधनावरून संयोजकाला झाडलेलं, कुणी सतारियाने तारांची ऑर्डर दिलेलं. पण खरा जीव अडकला होता तो शालिनीबाई वेरेंकरांच्या पत्रांत. बाई गाण्यात केवढ्या होत्या हे सांगायला दुसरे पुष्कळ आहेत. रतिलालला त्यांचं अक्षर आवडायचं. तिरकं, घाईचं, काने-मात्रा वाऱ्यावर सोडलेले, आणि तरी एक शब्द फुकटचा नाही. बाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती.

मध्यंतरी हे सगळं कुठेतरी नीट ठेवावं म्हणून त्याने पुण्याच्या एका संस्थेला फोन केला होता. तिथल्या मुलीने गोड आवाजात सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "काका, आधी स्कॅन पाठवा. मूळ कागद ठेवायला सध्या आमच्याकडेही जागा नाहीये." त्यावर मुलगा ललित म्हणाला, "मग स्कॅन करून टाका ना, नाना." टाका! जणू केळीच्या साली टाकायच्या होत्या. रतिलाल त्याच्यावर चिडलासुद्धा नाही. चिडायलाही अंगात थोडा दम लागतो, तो आताशा राहिला नव्हता.

आणि अशात शिंदखेड्याहून फोन आला. "मी दिपमाला बोलते. लोटन मास्तरांची सून. आमचे बाबा गेले मागच्या पोळ्याला. सासूबाई म्हणतात, त्या जळगावच्या भाऊंना पत्रं पाहिजे होती ना, त्यांना बोलाव."

लोटन मास्तर म्हणजे शालिनीबाईंचे पहिले तबलजी. बाईंचं नाव व्हायच्या आधी गावोगावच्या बैठकींना हाच शेतकऱ्याचा पोरगा त्यांच्या उजव्या हाताला बसायचा. पुढे इंदूरला भर मैफिलीत बाई त्याला लयीवरून काहीतरी बोलल्या, आणि हा तबला तिथेच ठेवून रातोरात घरी निघून आला. नंतर पुन्हा कधी बाईंच्या साथीला बसला नाही. बाईंनी त्याला लिहिलेली पत्रं त्या घरात आहेत हे रतिलालला ठाऊक होतं. सहा-सात वर्षांपूर्वी तो जाऊनही आला होता. तेव्हा म्हातारा उंबऱ्यात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "त्या बाईनं नाव मन्हा दारशी काढू नको." रतिलाल दारातूनच परत फिरला होता.

आता बोलावणं आलं होतं, तर पाय निघत नव्हता. कमलबाईने डबा भरून हातात दिला. "एवढं एक आणा आणि मग बसा निवांत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि ते त्याला जास्त लागलं.

सुरत लाइनच्या पॅसेंजरने गेलं तर थेट शिंदखेड्याला उतरता येतं. पण रतिलालला वाटेत धुळ्याला जहांगीरला भेटायचं होतं, म्हणून तो एस.टी.ने निघाला. चैत्राचं ऊन. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालेलं, आणि खिडकीतून येणारी हवा चुलीपुढे बसल्यासारखी. पूर्वी अशा प्रवासात त्याला झोप यायची नाही. मिळणाऱ्या पत्रात काय असेल याचे मांडे मनात भाजत बसायचा. आज तो पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत तोंड उघडं टाकून झोपला.

जहांगीरचं पेटी-दुरुस्तीचं दुकान धुळ्यात पाचकंदिलाजवळच्या गल्लीत. त्याचे वडील हसीबमियाँ शालिनीबाईंच्या पेट्या लावून द्यायचे. आता दुकानाच्या पुढच्या भागात जहांगीरचा मुलगा अल्तमश मोबाईलची कव्हरं विकतो आणि मागच्या अंधारात जहांगीर एखाद्या भजनी मंडळाची पेटी उघडून बसलेला असतो. हसीबमियाँना आलेलं बाईंचं एक पत्र जहांगीरनेच कधीकाळी रतिलालला दिलं होतं, एक पैसा न घेता. ते पत्र आज रतिलालच्या पिशवीत होतं. शालिनीबाईंच्या कामाला निघाला की तो ते बरोबर ठेवायचा. एकाचं अक्षर दुसऱ्याशी ताडून बघायला बरं पडतं.

"काढा तर जरा," जहांगीर म्हणाला. "अब्बांची आठवण येते."

रतिलालने प्लास्टिकच्या पाकिटातून कागद काढला. जहांगीरने चष्मा लावला आणि हळूहळू वाचलं.

'हसीबमियाँ, पेटी पोचली. सूर छान बसलेत. आई गेली ते कळलं असेल. लोटनचं माफीचं पत्र आलं होतं. मी त्याला कार्ड घातलं. आईचं कळवलं आणि खाली लिहिलं, झालं गेलं मी विसरले, दिवस झाले की मिरजेला बैठक आहे, तबल्यावर तूच हवास. त्याचं सांत्वनाचं पत्र आलं. येण्याबद्दल अक्षर नाही. मिरजेला त्याची जागा रिकामी ठेवून बसले. लोक चुळबूळ करायला लागले तेव्हा दुसऱ्याला बसवलं. माणसाने नाही तरी म्हणावं. आता मी विषय काढणार नाही, तुम्हीही काढू नका.'

"मोठा हट्टी माणूस हा लोटन," जहांगीर कागद परत देत म्हणाला. "एवढ्या मोठ्या बाईने बोलावलं आणि गेला नाही. अब्बा शेवटपर्यंत हळहळायचे. हे दाखवणार का त्या लोकांना?"

"आधी त्यांची पत्रं हातात येऊ दे. आपल्याजवळचं आधी दाखवलं की समोरचा सावध होतो. घरोघरी हाच अनुभव आहे."

"तुम्ही ज्येष्ठ," जहांगीर म्हणाला आणि चहा सांगितला.

शिंदखेड्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती. घर जुन्या गावात, पुढे ओटा, आत एक पंखा आणि त्याखाली खाटेवर धुरपदाबाई. लोटन मास्तरची बायको. ऐंशीच्या पुढची, वाळलेली, पण नजर धारदार. दिपमालाने पाणी दिलं. म्हातारी रतिलालकडे बघत राहिली. आपण ओळखले गेलो की नाही ते त्याला कळेना.

पत्रं खुंटीला होती. पूर्वी सगळ्यांच्या घरी असायची तशी खाली लाकडाची चकती असलेली लोखंडी तार, आणि तिच्यात आलेली पत्रं मधोमध टोचून एकावर एक ओवलेली. पुण्याच्या मुलीने ती भोकं बघितली असती तर तिला घेरी आली असती. रतिलालला मात्र लांबूनच ते तिरकं अक्षर दिसलं, आणि अंगात जरा ऊब आली. फार नाही, जरा.

"अक्का, किती द्यायचे ते मोकळेपणी सांगा," तो म्हणाला.

"पैसा नही जोयजे माले," धुरपदाबाई म्हणाली. "एक गोट सांग फक्त. तू बाईना बठ्ठा कागद वाचेल शेतस. मन्हा माणूसवर तिना काय राग व्हता?"

हा प्रश्न त्याच्या अपेक्षेत नव्हता. उलटाच होता; गेला नव्हता तो तर लोटन.

"त्यानी माफी मागी," म्हातारी सांगू लागली. "सोताना हातखाल लिखं, पोस्टना पेटीमा मी टाकी उनू. तिनी उत्तर दिधं नही. मरेपावत वाट देखी त्यानी. पोस्टमन गल्लीमा उना का हात धुईसन वट्टावर उभा ऱ्हाये. मंग मोबाईल उनात, पोस्टमन येवाना बंद व्हयना, तरी दुपारले वट्टावर जाये. इतला कसाना राग?"

"उत्तर आलंच नाही? काहीच नाही?"

"काही नही. एक कार्ड उनं व्हतं तवय. पन ते अशुभ."

"अशुभ म्हणजे?"

"सुकदेव पोस्टमन व्हता, तो वाची दे. माले कोठे वाचता येस. हाऊ, मन्हा माणूस, नंदुरबारले गयथा. सुकदेवनी दारमा उभा ऱ्हाईसन वाचं, 'आई वारली' इतलंच. मी त्याना हातमाईन कार्ड वढी लिधं, फाडं, नालीमा टाकं. मन्हं लेकरू पाळनामा व्हतं, भाऊ. असा कागद घरमा ठेवतस का?"

"नाही ठेवत," रतिलाल म्हणाला.

कोणाच्याच घरात ठेवत नसत. मरणाची बातमी आणणारं कार्ड वाचलं की फाडायचं, उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, मग अंघोळ. रतिलालच्या आईनेही अशी कितीतरी कार्डं फाडली होती, आणि त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वाईट बातमी एका ओळीची असते. तिच्याखाली आणखी काही असेल असं कोणाच्या मनात येणार?

"सांजले हाऊ उना, त्याले सांगं, बाईनी माय वारनी. त्यानी आंग धोयं. दुसरा दिन सांत्वननं पत्र लिखं. म्हने, सुतकमा शेतस, दिन व्हयनात का उत्तर देतीन. आनि बसना वाट देखत."

पंखा कुरकुरत फिरत होता. रतिलालने पाण्याचा तांब्या उचलला आणि नुसताच हातात धरून बसला. त्याच्या पायाशी पिशवी होती आणि पिशवीत तो कागद होता. आत्ताच्या आत्ता काढून वाचला असता, तर या बाईला कळलं असतं की आपल्या नवऱ्याचा सगळा जन्म तिने स्वतःच्या हाताने फाडून नालीत टाकला. आणि न काढावा तर? तर काहीच होणार नव्हतं. म्हातारी आणखी दोन-चार वर्षं जगेल आणि जाईल. एवढ्या ओझ्याला हात घालायची ताकद रतिलालजवळ नव्हती, आणि ताकद नसली की माणसाला दया फार लवकर सुचते.

"बाईंनी कुठे काही लिहिलेलं नाही, अक्का," तो म्हणाला. "मी सगळी पत्रं वाचली. मोठ्या माणसांना फार व्याप असतात. विसरल्या असतील."

धुरपदाबाईने मान हलवली. तिला आश्चर्य वाटलं नाही. "मन्हा अंदाज बराबर व्हता. मोठा माणूसले धाकला माणूस दखास नही." तिने सुनेला खूण केली. दिपमालाने खुंटीवरची तार काढून रतिलालच्या हातात दिली. "घी जाय. त्याना जीव व्हता म्हनीन ठेवं. मी तर चुल्हामा घालती. दिवा लावाना पहिले रोज एक शिवी देस मी त्या बाईले."

"खरंच देतात हो, काका," दिपमाला म्हणाली. "मुलंसुद्धा शिकली ती शिवी."

रतिलालने ती तार पिशवीत ठेवली, पाया पडला आणि निघाला.

स्टँडवर धुळ्याची गाडी लागायला वेळ होता. तो बाकावर बसला आणि त्याने पिशवीत हात घालून वरचं कार्ड बघितलं. 'चि. लोटन, अनेक आशीर्वाद. अकोल्याला थंडी आहे, शाल आण.' बस, एवढंच. ज्या पत्रांसाठी त्याने दारातून हाकलून घेतलं होतं ती आता मांडीवर होती, आणि त्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. घरी जावं, कपाटात लावावीत, कमलबाईच्या हातची खिचडी खावी आणि झोपावं. पुढचं ललित बघेल. स्कॅन करून टाकेल.

पण उद्याही दिव्याआधी बाईंना शिवी बसणार होती. परवाही. आजवर ती म्हातारीच्या अंदाजावर बसत होती, आता रतिलाल चौधरीच्या शब्दावर बसणार. बाईंच्या अक्षराला धक्का लागू नये म्हणून हा माणूस पत्रांत कापूर ठेवायचा, पावसाळ्यात कपाटापुढे बल्ब लावून बसायचा. आणि बाईंनी लिहिलेलं एक वाक्य, आयुष्यातलं बहुधा सगळ्यात नमतं घेऊन लिहिलेलं, 'तबल्यावर तूच हवास', ते ज्या घरासाठी लिहिलं होतं त्याच घरात जाऊन तो 'लिहिलंच नाही' असं सांगून आला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. गाडी लागली, माणसं धावली, खिडकीतून रुमाल पडले. रतिलाल उठला आणि उलट्या दिशेने चालू लागला. गुडघे वाटभर त्याला शिव्या देत होते.

धुरपदाबाई तशीच खाटेवर होती. दिपमाला भांडी घासत होती, ती हात पुसत बाहेर आली.

"अक्का, मी मघाशी खोटं बोललो," रतिलाल म्हणाला आणि ओट्याच्या पायरीवरच बसला. त्याने पाकिटातून कागद काढला आणि वाचला. कुठे थांबला नाही, कुठे शब्द मऊ केला नाही.

वाचून झालं. दिपमालाने पदर तोंडाला लावला. म्हातारीचा चेहरा काही बदलला नाही.

"आखो एकदाव वाच," ती म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं.

"मिरजले जागा खाली ठेवी तिनी?"

"हो. लोक चुळबूळ करायला लागले तोवर."

धुरपदाबाई आपल्या हातांकडे बघत बसली. शेवटी रतिलालच्याने राहवेना. "तुमचा काय दोष, अक्का? रीतच तशी होती."

"रीत शे," ती म्हणाली. "पन खाले आखो काय लिखेल शे, इतलं इचारता येत व्हतं. सुकदेव वाची राहिंथा. मीच वढी लिधं." मग सुनेकडेही नाही आणि रतिलालकडेही नाही, कुठेच न बघता म्हणाली, "इतला वरीस त्या बाईले शिव्या दिध्यात. आते कोनले देऊ?"

रतिलाल कागदाची घडी घालू लागला. घडी नीट बसेना. म्हातारीची नजर त्या कागदावर आली आणि तिथेच थांबली.

"तू मांगे उना व्हता," ती म्हणाली. "त्यानी तुले दारमाईन हाकली दिधं. तवय हाऊ कागद तुनाजोडे व्हता?"

आणखी एकदा खोटं बोलता आलं असतं. नंतर मिळाला, म्हणता आलं असतं. जहांगीर काही साक्षीला येणार नव्हता.

"होता," रतिलाल म्हणाला. "पिशवीतच होता."

"मंग दखाडं का नही त्याले?"

"समोरच्याची पत्रं मिळाल्याशिवाय आपली दाखवायची नाहीत, असं आम्हा लोकांत..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. धुळ्याच्या दुकानात हेच वाक्य किती शहाणपणाचं वाटलं होतं. त्या मागच्या वेळी म्हातारा त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. जिवंत होता, डोळे शाबूत होते, मराठी सातवीपर्यंत शिकलेला होता. पिशवीतून कागद काढून नुसता पुढे धरायचा होता.

धुरपदाबाई चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती खाटेवरून सावकाश उतरली आणि त्याच्याशेजारी पायरीवर येऊन बसली, जशी बाई आपल्या माणसाशेजारी बसते.

"मी वाचू दिधं नही, तू दखाडं नही," ती म्हणाली. "आपन दोन्ही सारखाच, भाऊ."

मग तिने दिपमालाला चहा ठेवायला सांगितलं. त्याची पिशवी उघडी पडली होती. त्यातून डोकावणारी पत्रांची तार तिने आत सरकवली आणि पिशवी बंद करून त्याच्या मांडीवर ठेवली. रतिलालला ती पत्रं आता नको होती, पण ते म्हणायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं.